पळा, पण पाहत पळा

गेल्या आठवड्यात या सदरात आपण गुडघेदुखीविषयी बोललो. त्यानंतर दवाखान्यात आलेल्या बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, चाला आणि पळा असे तुम्ही लिहिता. पण क्रांती चौकात राहणाऱ्या माणसाने पळायचे कुठे?"

प्रश्न रास्त आहे. माझा दवाखाना या चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. पहाटे पाच वाजता महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी उभे राहिले, तर जालना रोड घटकाभर माणसांचा असतो. सहा वाजले की रिक्षा, बसगाड्या आणि कंपन्यांच्या गाड्या सुरू होतात. थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते. तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि गाड्यांचा धूर नाकाच्याच उंचीवर घुटमळतो. पळताना माणूस एरवीच्या कितीतरी पट हवा आत ओढतो. म्हणजे आरोग्यासाठी पळायचे आणि छातीभर धूर घेऊन घरी यायचे, असा तो उलटा व्यवहार होतो.

पण आजचा विषय केवळ धुराचा नाही. पळणे सुटते का आणि टिकते कशाने, हा खरा विषय आहे.

चार वेळा सुरू, चार वेळा बंद

काही महिन्यांपूर्वी ३८ वर्षांचे एक गृहस्थ आले. नोकरी बैठी, वजन ९१ किलो, रक्तदाब १५० वर ९६. तीन वर्षांत त्यांनी चार वेळा पळायला सुरुवात केली होती आणि चारही वेळा महिन्याच्या आत सोडली होती. मनगटावर पावले मोजणारे महागडे घड्याळ होते.

"का सोडलेत?" मी विचारले.

"गुडघे दुखले नाहीत, दमही लागला नाही. खरं सांगू का डॉक्टर? कंटाळा आला."

हा कंटाळा आम्ही डॉक्टर मंडळी फार हलक्यात घेतो. औषधाच्या चिठ्ठीवर 'व्यायाम करा' असे दोन शब्द लिहिले की आमचे काम संपले, असे आम्हाला वाटते. वास्तविक व्यायाम सोडणाऱ्या बहुतेकांचा पाय दुखत नसतो, त्यांचे मन कंटाळलेले असते. बोलता बोलता तेच गृहस्थ म्हणाले, "गावी गेलो की शिवारात दोन-दोन तास फिरतो. तेव्हा वेळ कसा जातो कळत नाही." मी म्हटले, "मग तेच तुमचे औषध."

मी चिठ्ठीवर लिहून दिले: दर रविवारी उजाडताना सातारा गावापलीकडची कच्ची वाट. वेग, शेजारच्याशी बोलता येईल इतकाच. घड्याळ घरी ठेवणे. परत आल्यावर पाहिलेले तीन पक्षी मला सांगणे. रक्तदाबाची गोळी चालू.

ते चिठ्ठीकडे पाहत राहिले. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी माझे सांगतो.

वैद्याच्या घरचे दुखणे

मी काही जन्माचा पळणारा नाही. ४७ व्या वर्षी सहज तपासली तेव्हा माझीच उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. १०० च्या आत हवी. १२६ पासून पुढे मधुमेह म्हणतात. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतो. तोवर दिवसाला वीस जणांना 'पोट कमी करा' म्हणून सांगत होतो आणि माझे पोट टेबलाला टेकत होते. मग जागच्या जागी पळण्याचे यंत्र घरी आणले. दोन महिने पळालो. सहा महिन्यांनी त्यावर टॉवेल वाळत होते.

अशातच एका पहाटे साताऱ्याच्या डोंगरापलीकडच्या एका वस्तीवरून बोलावणे आले. आजीबाईंना दम लागला होता. औषध दिले, बरे वाटेपर्यंत थांबलो आणि निघालो तर स्कूटर पंक्चर. पक्क्या सडकेपर्यंत तीन किलोमीटर कच्ची वाट. झुंजूमुंजू झाले होते. वाटेच्या मधोमध मातीच्या रंगाचे काहीतरी बसले होते. मला दगड वाटला. चार पावलांवर गेलो तेव्हा तो दगड आवाज न करता उडाला. तो रातवा होता, हे मला पुढे कळले. मग बोरीच्या जाळीतून तितरांची जोडी ओरडू लागली. तुरीच्या ओळींतून एक ससा निघाला आणि माझ्याकडे पाहून उलटा फिरला. सडकेला लागलो तेव्हा लक्षात आले की स्कूटर ढकलत तीन किलोमीटर आलो, पण एकदाही घड्याळ पाहिले नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम त्या वाटेवर गेलो. त्याला आता नऊ वर्षे झाली. साखर शंभराच्या आसपास राहते. आहारही बदलला, हे कबूल केले पाहिजे. सगळे श्रेय पक्ष्यांना देऊन चालणार नाही.

शास्त्र काय सांगते?

शरीर हलले की हृदय वाचते, हे आता नव्याने सिद्ध करायला नको. १९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणारे ड्रायव्हर आणि दिवसभर जिने चढ-उतार करणारे कंडक्टर. कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता, आणि झाला तरी तो सौम्य होता. त्यानंतर जगभर असंख्य अभ्यास झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा: प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा.

दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधे कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर मनोरे रचू नयेत. पण हिरवाईकडे पाहताना ताणलेले मन सैल पडते, ही गोष्ट पुढच्या अनेक पाहण्यांतही आढळली आहे.

या दोन गोष्टी कच्च्या वाटेवर एकत्र येतात. त्याचे तीन फायदे मी स्वतःवर आणि रुग्णांवर पाहिले आहेत.

पहिला, वेग आपोआप ताब्यात राहतो. पाहायचे असेल तर सावकाशच पळावे लागते, आणि नवशिक्यासाठी सावकाश हाच योग्य वेग आहे. दुसरा, पाय शहाणे होतात. डांबरावर प्रत्येक पाऊल सारखेच पडते. मातीच्या वाटेवर चढ, उतार, ढेकळे, चाकोरी यांमुळे घोट्याचे छोटे स्नायूही कामाला लागतात. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो; तो वाटून घेणारे स्नायू मजबूत असलेले बरे. तिसरा फायदा सर्वांत मोठा. उद्या पुन्हा जावेसे वाटते. काल अर्धवट विणलेला सुगरणीचा खोपा आज पुरा झाला का, हे पाहायला माणूस पहाटे उठतो. साखर कमी करायला तो उठतोच असे नाही.

वर्षभराची हजेरी

क्रांती चौकातून उस्मानपुऱ्यामार्गे बीड बायपास ओलांडला की सातारा गाव आणि तिथला खंडोबा. तिथवर वाहनाने जावे आणि पुढे पायाने. कुणाला उत्तरेची बाजू जवळ असेल तर विद्यापीठाचा परिसर आणि त्यामागची लेण्यांची टेकडी आहे, हर्सूलपलीकडे जटवाड्याची वाट आहे, पश्चिमेला दौलताबादच्या सीताफळांच्या बागा आहेत. वाट कोणतीही असो, एकाच वाटेवर वर्षभर जावे. म्हणजे बदल दिसतात.

चैत्रात कडुनिंब फुलतो. उजाडायच्या वेळी त्याचा मंद वास वाटेवर पसरलेला असतो. याच दिवसांत टिटवी उघड्या माळावर, चार खड्यांत अंडी घालते. तुम्ही जवळ गेलात की ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडते. तुमच्या पळण्याचे ती कौतुक करत नाही. अंडी तुडवू नका म्हणून सांगते. वाट सोडून दहा पावले बाजूने जावे. वैशाखात पावशाची हाक सुरू होते. शेतकऱ्यांच्या कानांना ती 'पेरते व्हा' अशी ऐकू येते.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरतात. आषाढ-श्रावणात मोर ओरडतात आणि विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. खोपा विणतो तो नर. मादी येऊन पसंत-नापसंत ठरवते. हे मला कळले तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. भाद्रपद-आश्विनात शेपटी खालीवर करणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येतो. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ तारेवर बसलेला असतो. उडाला की पंखांतली निळाई दिसते.

मार्गशीर्ष-पौष म्हणजे हुरड्याचे दिवस. ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. शेकडो पक्षी एकदम वळतात तेव्हा धुराचा लोट वळल्यासारखे दिसते. याच सुमारास चंपाषष्ठीला साताऱ्यात खंडोबाची यात्रा भरते. त्या दिवशी वाट माणसांनी फुललेली असते. माघ-फाल्गुनात पळस पेटतो आणि त्यावर शिंजीर, मैना, बुलबुल यांची गर्दी होते.

हे सर्व पाहायला काहीही विकत घ्यावे लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालते. कानात गाणी वाजवणारी बोंडे मात्र नकोत. त्यांनी पक्षीही ऐकू येत नाहीत आणि मागून येणारा ट्रॅक्टरही नाही.

सुरुवात कशी करावी?

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मग पुढील क्रम ठेवावा.

पहिले दोन आठवडे फक्त चालणे, रोज ३० मिनिटे. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट हळू पळणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. दर आठवड्याला पळण्याचा वेळ थोडा वाढवावा. एकदम वाढवू नये. अति तेथे माती. आठ-दहा आठवड्यांत बहुतेकांना २० मिनिटे सलग पळता येते. न आले तरी बिघडत नाही, चालणे हाही पूर्ण व्यायाम आहे.

वेगाची कसोटी सोपी आहे. पळताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. 'तो बघा, त्या बाभळीवर खंड्या बसलाय' एवढे एका दमात म्हणता आले तर वेग बरोबर. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त. हो, खंड्या पाण्यापासून दूर माळावरही दिसतो. नाकतोडे आणि सरडे हे त्याचे खाद्य आहे.

स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात योस्ता होल्मेर या प्रशिक्षकांनी 'फार्टलेक' नावाची पद्धत आणली. शब्दाचा अर्थ 'वेगाचा खेळ'. त्या लिंबापर्यंत पळा, पुढच्या बांधापर्यंत चाला, मग मारुतीच्या देवळापर्यंत जरा जोरात. आपल्या शिवारात मुले हाच खेळ नाव न ठेवता खेळत आली आहेत.

रोज सातारा गाठणे कुणालाच जमणार नाही. मधल्या दिवशी गारखेड्याचे क्रीडा संकुल किंवा घराजवळची बाग चालेल. रविवारची वाट मात्र चुकवू नये. तीच बाकीचे दिवस ओढून नेते.

मधुमेहींसाठी दोन शब्द. अनवाणी जाऊ नये. परतल्यावर तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. बाभळीचा काटा रुतलेला कळतही नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून ते लगेच खावे.

गुरुजी कशासाठी थांबत होते?

आता जो प्रसंग सांगतो, तो माझ्या चुकीचा आहे. गुरुजींची परवानगी घेऊन लिहितो.

गुरुजी म्हणजे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, त्या वेळी वय ६४. रविवारचे माझे सोबती. मला अर्धे पक्षी त्यांनीच शिकवले. गळ्यात दुर्बीण, डोक्याला मफलर, अंग सडपातळ. तंबाखू नाही, चहा बिनसाखरेचा. अशा माणसाची काळजी कोण करणार?

त्या माघात माझ्या लक्षात आले की डोंगराच्या चढावर, एका ठरावीक वळणापाशी गुरुजी थांबतात. "थांबा डॉक्टर, चंडोल आहे." मी आभाळात पाहायचो. चंडोल कधी दिसायचा, कधी नाही. दोन-तीन मिनिटांनी आम्ही पुढे निघायचो. पुढच्या रविवारी तेच वळण आणि तोच चंडोल.

तिसऱ्या रविवारी माझे सहज त्यांच्याकडे लक्ष गेले. दुर्बीण छातीवर लोंबत होती, तिला त्यांनी हातही लावला नव्हता. डावा तळवा छातीच्या मधोमध दाबलेला. बोचरी थंडी होती, तरी कपाळावर घाम.

"गुरुजी, पक्षी कुठे आहे?"

ते ओशाळून हसले. "उडाला बहुतेक."

"छातीत काय होतंय?"

"काही नाही हो. जरा आवळल्यासारखं होतं. थांबलं की जातं. रात्री भरीत जास्त झालं, ॲसिडिटी असेल."

वाचकहो, 'थांबलं की जातं' या तीन शब्दांत सगळे निदान आहे. चढ चढताना हृदयाच्या स्नायूला जास्त रक्त लागते. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर ते पोचत नाही आणि छाती आवळते. थांबले की मागणी कमी होते आणि दुखणे ओसरते. ॲसिडिटीला चढ आणि उतार कळत नाही. ही छाती आवळते चढावर आणि सुटते थांबल्यावर.

आम्ही तिथूनच माघारी फिरलो, सावकाश. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, तो अगदी स्वच्छ आला. गुरुजी म्हणाले, "बघा, उगाच घाबरवलंत." इथेच पुष्कळजण फसतात. बसलेल्या माणसाचा कार्डिओग्राम असल्या दुखण्यात सरळ येऊ शकतो, कारण बसलेले असताना हृदयाची तक्रारच नसते. मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. पट्ट्यावर चालवून केलेल्या चाचणीत दोष दिसला. अँजिओग्राफीत दोन रक्तवाहिन्या बऱ्याच बंद आढळल्या. दोन्हींत स्टेंट बसवले.

मी तीस वर्षे रुग्ण तपासतो आहे. दोन रविवार माझ्या खांद्याला खांदा लावून चालणारा माणूस छाती धरून उभा होता आणि मी आभाळात पाहत होतो. निसर्गाच्या नादाचा हा एक धोका आहे. थांबायला इतके छान निमित्त मिळते की शरीर का थांबले, हे आपण स्वतःलाही सांगत नाही. म्हणून माझा नियम सांगतो: पक्षी दिसला म्हणून थांबलात तर आनंद. थांबावे लागले म्हणून पक्षी शोधलात तर डॉक्टर गाठा.

श्रमाने छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, वयाला न शोभणारी धाप, चक्कर ही सर्व लक्षणे हृदयाची समजावीत. स्त्रियांत आणि मधुमेहींत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असू शकते. दुखणे थांबूनही ओसरत नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करावा. स्वतः गाडी चालवत येऊ नये.

वाटेवरचे धोके

रानाची भीती बाळगू नये, पण तिथली शिस्त पाळावी.

कुत्री: वस्तीजवळची कुत्री पळणाऱ्याच्या मागे लागतात. त्या क्षणी पळू नये. थांबावे, डोळ्याला डोळा भिडवू नये, हळूहळू चालत पुढे जावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काही लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी आणि सर्व डोस पूर्ण करावेत. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. रेबीज झाल्यावर त्यावर जवळजवळ उपाय नाही. होऊ न देणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

साप: आपल्याकडे मुख्य विषारी चार; नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पावसाळ्यात व अंधारात हातात विजेरी हवी, पायात पूर्ण बूट हवेत. पाऊल ठेवण्याआधी जागा पाहावी. दंश झाल्यास कापणे, चोखणे, दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. अंगठ्या-कडी काढावी, तो अवयव न हलवता आधार देऊन ठेवावा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जावे. या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस असते व सरकारी रुग्णालयांत ती दिली जाते. सापाला मारून सोबत आणण्याची गरज नाही. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

आग्या मोहोळ: लेण्यांच्या कड्यांवर, उंच झाडांवर पोळी असतात. तिथे धूर, दगडफेक, आरडाओरड नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून दूर पळावे. या एका वेळी वेगाची परवानगी आहे.

बिबट्या: २०१९ च्या डिसेंबरात तो थेट सिडकोत शिरला होता आणि २०२४ च्या जुलैत उल्कानगरीत दिसला होता. म्हणजे तो शिवारातच भेटेल असे नाही. तरीही नियम हवेत. उजाडण्याआधी एकट्याने निघू नये. दिसलाच तर वाकू नये, पाठ फिरवून पळू नये; ताठ उभे राहून मागे सरकावे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. वानरांना बिस्किटे टाकू नयेत. मोर किंवा नीलगाईचा पाठलाग करून फोटो काढू नयेत. आपण पाहुणे आहोत, हे लक्षात ठेवावे.

ऊन: मराठवाड्याचा उन्हाळा चेष्टेचा नाही. एप्रिल-मेमध्ये सात-साडेसातच्या आत घरी असावे. निघण्यापूर्वी पाणी, परतल्यावर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी. ज्यांना मीठ कमी सांगितले आहे त्यांनी मीठ घालू नये. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णालय गाठावे.

शेवटी

आपल्या शहरातल्या एका तलावाला डॉ. सलीम अली यांचे नाव आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला या पक्षितज्ज्ञांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली; तेव्हा हा जिल्हा त्याच संस्थानात होता. आयुष्यभर रानोमाळ हिंडलेला हा माणूस १९८७ साली गेला तेव्हा वय ९० होते. पक्षी पाहिले म्हणून कुणी नव्वद वर्षे जगतो, असे मी डॉक्टर म्हणून लिहिणार नाही. पण पाहायला काहीतरी असले की पाय चालत राहतात, एवढे नक्की.

आता त्या ३८ वर्षांच्या गृहस्थांचे. पहिल्या सोमवारी त्यांनी तीन पक्षी सांगितले: कावळा, चिमणी, कबूतर. मी म्हटले, "छान, चालू ठेवा." तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "एक काळा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी म्हशीच्या पाठीवर बसला होता." तो कोतवाल. पाचव्या महिन्यात ते आले ते धाकट्या मुलीला घेऊन. वजन ८५ किलो, रक्तदाब १३६ वर ८६, गोळी अजून चालू. चमत्कार झालेला नाही. पण पाच महिने झाले आणि पळणे सुटलेले नाही, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडले.

मी तपासत असताना मुलगी म्हणाली, "काका, बाबांना पक्ष्यांची नावं मीच सांगते."

गुरुजीही येतात. आता ते चालतात, पळत नाहीत. त्या वळणावर आम्ही अजून थांबतो. मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि मग आभाळाकडे. गेल्या रविवारी चंडोल खरोखरच होता.